महाडला कुणी बहीण आहे का?

मुंबईला योकोहामा आहे, स्टुटगार्ट आहे, लॉस एंजेलिस आहे. जॅझवाले, महापौर आणि मैत्रीचे करार यांच्या मागावर निघालेली मी पोचले थेट पोलादपूरच्या एका हळदीत. तेही बेंजोच्या तालावर!

“जॅझवर लिहिशील? सिस्टर सिटीज, म्युझिशियन्सची देवाणघेवाण, कल्चरल डिप्लोमसी वगैरे. एकदम ग्लॅमरस स्टोरी होईल बघ.”

एडिटरचा हा फोन आला तेव्हा मी महाडच्या एसटी स्टँडवर उभी होते. पाठीवर सॅक, हातात गार झालेला वडापाव, कपाळावरून मे महिन्याचा घाम. पोलादपूरची गाडी कधी लागणार ते कंट्रोलरलाही ठाऊक नव्हतं. मामेबहिणीची हळद होती, तीन दिवसांची सुट्टी टाकली होती. (फ्रीलान्सरला कसली आलीय सुट्टी! पण घरच्यांना सांगायला बरं वाटतं.) मी “हो” म्हणून टाकलं. मास कॉमला असताना जॅझवर एक प्रोजेक्ट केला होता, तेवढ्या पुंजीवर.

फोन ठेवला आणि स्टँडबाहेरच्या रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मागे दोन मोठे स्पीकर, ताडपत्री, गोणपाटात गुंडाळलेले ताशे आणि वरती पाय सोडून बसलेली सात-आठ पोरं. एकाच्या मांडीवर लाकडी पेटी होती, टाइपरायटरसारखी बटणं असलेली. बेंजो! त्याच टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी माझा मामा बसला होता.

“काय गो बाय, एसटीची वाट बघत म्हातारी व्हशील. चल, बस मागं!”

तर जॅझ डिप्लोमसीवरच्या या स्टोरीचं रिपोर्टिंग एका बेंजो पार्टीच्या टेम्पोत, मुंबई-गोवा हायवेवर सुरू झालं. ग्लॅमर म्हणतात ते हेच बहुतेक.

बहीण नेमकी कुणाची?

आधी थोडी माहिती. सिस्टर सिटी म्हणजे दोन देशांतल्या दोन शहरांनी एकमेकांशी जोडलेलं नातं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात हे वारं जोरात सुटलं. १९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी ‘पीपल टू पीपल’ नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि अमेरिकेत सिस्टर सिटीची चळवळ त्यातून वाढली. सरकारं भांडत राहतील, पण माणसं माणसांशी बोलू लागली तर युद्धं कमी होतील, असा एकूण फंडा.

आपली मुंबई या बाबतीत चांगलीच नातेवाईकवाली आहे. योकोहामाशी नातं १९६५ पासून, स्टुटगार्टशी १९६८ पासून, लॉस एंजेलिसशी १९७२ पासून. यादी पुढेही आहे. आता मनावर हात ठेवून सांगा, रोज सकाळी ८.१२ ची फास्ट पकडणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे माहीत होतं? मलाही नव्हतं. योकोहामात ‘चिगुसा’ नावाचा जॅझ कॅफे १९३३ मध्ये निघाला. १९९३ पासून तिथे ‘जॅझ प्रॉमिनाड’ नावाचा महोत्सव भरतो, अख्खं शहर त्यात वाजत असतं. बहिणीच्या घरी एवढी धमाल आणि आपल्याला साधं आमंत्रणही आठवत नाही!

पण मजा बघा. ज्या वर्षी आयसेनहॉवरनी लोकांनी लोकांशी बोलण्याची कल्पना मांडली, त्याच १९५६ मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याने पहिला जॅझ राजदूत परदेशी धाडला. ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी. रशियाशी शीतयुद्ध चालू होतं. रशियाकडे बॅले होता, अमेरिकेकडे काय? तर जॅझ. म्हणजे शहरांची मैत्री आणि जॅझचे दौरे ही तशी जुळी भावंडंच, एकाच घरात जन्मलेली.

ब्रुबेक मुंबईत बसला, सतारीसमोर

१९५८ मध्ये पियानिस्ट डेव्ह ब्रुबेक आपलं चौघांचं पथक घेऊन याच खात्याच्या दौऱ्यावर निघाला. पोलंड, तुर्कस्तान, मग भारत, पाकिस्तान, श्रीलंका, इराण, इराक. भारतात तो मुंबई, दिल्ली, मद्रास, कलकत्ता, हैदराबाद आणि चक्क राजकोटलाही वाजवून गेला.

या दौऱ्यातला मला सगळ्यात आवडलेला क्षण मुंबईतला आहे. ब्रुबेक इथे सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत बसला आणि दोघांनी मिळून वाजवलं. हलीम जाफर खाँ म्हणजे आपल्या हिंदी सिनेमालाही ज्यांच्या सतारीने भरपूर दिलं ते. सरकारी दौऱ्याच्या कागदावर ‘कॉन्सर्ट’ असतं, ‘रिसेप्शन’ असतं. दोन परक्या वादकांनी एकमेकांचे हात बघत बसावं, त्याने टाकलेली जागा याने उचलावी, याला त्या कागदात रकाना नसतो. खरी देवाणघेवाण मात्र तिथेच होते.

आणि ती एकतर्फी नसते. ब्रुबेक शिकवायला आला होता, असं खात्याला वाटत असेल. तो शिकून गेला. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने नऊ मात्रांचा एक वेगळाच ठेका ऐकला, त्यातून ‘ब्लू राँदो आ ला टर्क’ आलं. ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ या त्याच्या १९५८ च्या रेकॉर्डवर एका रचनेचं नावच ‘कलकत्ता ब्लूज’ आहे. १९५९ च्या ‘टाइम आउट’ या अल्बममध्ये ठेक्यांची जी तोडफोड आहे, तिच्या मागे हा दौरा आहे. पाच मात्रांचं ‘टेक फाइव्ह’ त्यातलंच. हे त्याच्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंडचं.

पाच वर्षांनी, १९६३ मध्ये, ड्यूक एलिंग्टन आपला अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन आला. तो दौरा अर्धवट राहिला, कारण नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या झाली. पण एलिंग्टनच्या ‘फार ईस्ट स्वीट’ या रचनेत आग्रा आहे, दिल्लीची मैनासुद्धा आहे.

म्हणजे मुंबईला जॅझ सरकारने शिकवला का? छे! लिऑन ॲबी हा आफ्रिकन-अमेरिकन बँडलीडर १९३५ मध्येच ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी उचललं आणि त्या गोवेकरांनी ते हिंदी सिनेमात नेलं. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त काय धिंगाणा घातला, ते आजही लग्नाच्या डीजेला पुरतं. ना महापौर, ना करार. नंतर १९७८ मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली आणि धोबीतलावचं रंगभवन जगभरच्या वादकांनी गाजवलं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवन मुकं झालं. बहिणींची यादी लांबत गेली आणि बहिणीला बसायला द्यायचा पाटच आपण काढून घेतला, असं मला कधी कधी वाटतं.

तळ्याकाठी एक ब्रेक

टेम्पो लगेच निघाला नाही. बाजारातून गुलाल, हळद आणि ताशाचं कातडं घ्यायचं होतं. मला अर्धा तास मिळाला. मी चवदार तळ्यावर जाऊन बसले.

महाडला जाऊन चवदार तळ्यावर न गेलेला माणूस मला भेटलेला नाही. पण त्या दिवशी डोक्यात जॅझ होता, म्हणून एक गोष्ट वेगळी दिसली. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्येच हे तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला होता. ठराव! कागदावर एकदम पुरोगामी. प्रत्यक्षात अस्पृश्यांनी पाणी घ्यायची कुणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं चालत आली, ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला उभा राहिला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

आता अमेरिकेकडे बघा. १९५७ मध्ये आर्कान्सामधल्या लिटल रॉक गावात नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ दिलं जात नव्हतं. कायदा त्यांच्या बाजूने होता. पुन्हा कागदच! त्या वेळी लुई आर्मस्ट्राँगला सरकार रशियाला पाठवायच्या बेतात होतं. जॅझचा सगळ्यात मोठा चेहरा. त्याने सरळ नकार दिला. माझ्या माणसांना घरात ही वागणूक, आणि मी बाहेर जाऊन या घराची तारीफ करू? ब्रुबेकच्या पथकात युजीन राइट हा कृष्णवर्णीय बासवादक होता. सरकारने त्याला पोलंडपासून भारतापर्यंत मिरवलं, पण दक्षिणेतल्या कॉलेजांना तो स्टेजवर चालत नव्हता. ब्रुबेकने ते कार्यक्रम सोडून दिले, पथक बदललं नाही. पुढे त्याने आणि बायको आयोला हिने ‘द रिअल अँबॅसेडर्स’ नावाचं संगीतनाट्य लिहिलं आणि १९६२ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात आर्मस्ट्राँगलाच त्यात उभं केलं. विषय? खरा राजदूत कोण!

तुम्ही म्हणाल, महाडमध्ये बसून ही लिटल रॉकला कुठे पोचली? पण हा धागा मी ओढून-ताणून आणलेला नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्हीकडच्या दुःखातलं साम्य सांगितलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, तिच्या नावातच अमेरिकेची ब्लॅक पँथर आहे. यालाही कुणी सिस्टर सिटी म्हटलं नाही.

एक फरक मात्र मोठा. तिकडे गुलामांच्या नातवंडांचं संगीत सरकारने उचलून देशाची शान म्हणून जगाला दाखवलं, त्यात ढोंग असलं तरी. आपल्याकडे वाजवणं हे कित्येकांच्या वाट्याला जातीचं काम म्हणून आलं होतं. मिरवणुकीत पुढे चालायचं आणि पंगतीत शेवटी, तेही बाहेर. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेक घरांनी ते वाजवणं हट्टाने सोडलं. मान हवा म्हणून वाद्य खुंटीला टांगलं. ते बरोबरच होतं. पण कुठल्या कुठल्या चाली त्या खुंटीवरच राहिल्या असतील, हा विचार काही डोक्यातून जाईना.

टेम्पोत परत बसल्यावर मी मामाला विचारलं, “मामा, तुमच्या पार्टीला जेवायला कधी बसवतात रे? आधी की शेवटी?”

तो हसला. “आमच्यात सगळ्या वाड्यांतली पोरं हायत. आम्ही सुपारी घेतो बाय, बलुतं नाय. जेवण आधी, मग वाजवणं. ठरवतानाच सांगतो.”

करार म्हणतात तो हा. दोन वाक्यांचा आणि पाळला जाणारा.

पावणा नव्हे, घरजावई

महाड सोडलं की पोलादपूरपर्यंत सावित्री कधी जवळ येते, कधी लांब जाते. मी मामाच्या मांडीवरचा बेंजो हातात घेतला. मामाचा हा जुना बेंजो, बटणांवरचे आकडे पुसून गेलेले. म्हटलं, याची जन्मकुंडली माहीत आहे का?

त्याला नव्हती. तुम्हांलाही नसेल, तर ऐका. बँजो नावाचं अमेरिकन तंतुवाद्य वेगळं, ते गोल असतं. आपण कोकणात ज्याला बेंजो म्हणतो, तो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरची बटणं आणि तारा एकत्र करून ‘ताइशोगोतो’ बनवलं. ज्याला संगीत येत नाही त्यालाही वाजवता यावं, हा उद्देश. ते समुद्रमार्गे आपल्याकडे आलं आणि बुलबुल तरंग झालं. बलुचिस्तानात त्याचं बेंजू झालं. कोकणात आणि लालबाग-परळच्या चाळींत त्याला पिकअप लागला, अँप्लिफायर लागला आणि त्याने गणपती, हळदी, नवरात्री सगळं ताब्यात घेतलं.

आणखी गंमत सांगू? नागोयाची सिस्टर सिटी आहे लॉस एंजेलिस, १९५९ पासून. आणि लॉस एंजेलिसची सिस्टर सिटी मुंबई. म्हणजे बेंजोचं माहेर आपल्या बहिणीची बहीण निघालं!

मामाने सगळं शांतपणे ऐकलं. “म्हंजे आपला बेंजो जपानचा पावणा?”

“हो ना!”

“पावणा कसला,” मागून ताशावाला पोरगा म्हणाला, “शंभर वर्सं राहिलाय. घरजावई झाला तो.”

पाणी येतं तेव्हा

हा बेंजो इतका जुना का, नवा का नाही, हे मी विचारलं तेव्हा टेम्पोतला आवाज थोडा खाली आला.

२२ जुलै २०२१. महाडमध्ये सावित्री आणि गांधारी बाजारपेठेत शिरल्या. पाणी पहिल्या मजल्याच्या वर गेलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर डोंगर आला. मी तेव्हा मुंबईत होते, दोन दिवस कुणाचाच फोन लागत नव्हता. आई नुसती टीव्हीसमोर बसून होती.

आमच्या घरातली माणसं वाचली. पण पार्टीचं सगळं सामान महाडच्या बाजारात भाड्याच्या गाळ्यात होतं. दोन नवे बेंजो, ऑक्टोपॅड, मिक्सर, अँप्लिफायर, स्पीकर. चौथ्या दिवशी शटर उघडलं तर आत गुडघाभर चिखल. बेंजोचं लाकूड फुगून उकललेलं, तारा गंजलेल्या, कातडी सडलेली. मामाने एक ताशा धुऊन उन्हात ठेवला, तो वाळला तो भांड्यासारखा आवाज देत.

मग मदत आली. तांदूळ आलं, चटया आल्या, बादल्या आल्या, बिस्किटं तर एवढी की गुरांनी खाल्ली. नुकसानीची यादी करायला एक जण आला. भांडी, कपडे, दुकानातला माल, सगळं लिहून घेतलं. मामाने बेंजो सांगितला. तो माणूस थांबला, हसला नाही, पण लिहिलंही नाही. त्याच्याकडे तसा रकानाच नव्हता.

“चूक त्याची नाय,” मामा म्हणाला. “लोकांच्या घरात मढी पडलेली. मी कोणत्या तोंडानं बोलणार, माझा बेंजो गेला? गप बसलो. पण बाय, आमचं वर्साचं खाणं त्यात होतं. पोरांच्या फिया त्यात होत्या.”

यावर काय बोलावं मला सुचलं नाही. मी रस्त्याकडे बघत बसले.

रात्री आजोळच्या पडवीत, नेटवर्क शोधत शोधत, मी माझी ‘ग्लॅमरस’ स्टोरी पुन्हा उघडली. त्यात न्यू ऑर्लिन्सची फाइल होती. आधी तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं, कारण मुंबईशी तिचा काही संबंध नव्हता.

न्यू ऑर्लिन्स म्हणजे जॅझची पंढरी. तिची जपानमधली सिस्टर सिटी मात्सुए. कारण काय, तर लाफ्काडिओ हर्न नावाचा लेखक दोन्ही गावांत राहिला होता. नातं जुळलं १९९४ मध्ये. त्याच वर्षी, या कराराशी काही देणंघेणं नसलेल्या एका जपानी जोडप्याने एक संस्था काढली. योशिओ तोयामा ट्रम्पेट वाजवतो, त्याची बायको केइको बँजो. (तो गोलवाला!) तरुणपणी दोघं न्यू ऑर्लिन्सला जाऊन राहिले होते, आर्मस्ट्राँगच्या वेडापायी. खुद्द आर्मस्ट्राँगला पोरवयात, १९१२ च्या शेवटच्या रात्री, रस्त्यावर पिस्तूल उडवलं म्हणून सुधारगृहात टाकलं होतं आणि तिथे त्याच्या हातात कॉर्नेट आलं. तोयामांना वाटलं, आजच्या पोरांच्या हातातही बंदुकीऐवजी वाद्य यावं. जपानमधल्या लोकांकडून जुनी वाद्यं गोळा करून ते न्यू ऑर्लिन्सच्या शाळांना पाठवू लागले. शेकडो वाद्यं गेली.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ आलं. बांध फुटले, शहर बुडालं. जपानमधून पुन्हा वाद्यं गेली, पैसे गेले.

मग ११ मार्च २०११. जपानमध्ये त्सुनामी. केसेन्नुमा नावाचं मच्छीमारांचं बंदर उद्ध्वस्त झालं. तिथे ‘स्विंग डॉल्फिन्स’ नावाचा शाळकरी मुलांचा जॅझ बँड होता, त्यांची वाद्यं वाहून गेली. आता न्यू ऑर्लिन्सची पाळी होती. तिथल्या टिपिटिनाज फाउंडेशनने तोयामांच्या मार्फत मदत पाठवली, मुलांना नवी वाद्यं मिळाली आणि एप्रिलमध्ये, त्सुनामीनंतर दीड महिन्याच्या आत, ती मुलं लोकांसमोर उभी राहून वाजवत होती. चिखल अजून निघाला नव्हता, माणसं शाळांच्या हॉलमध्ये झोपत होती, तेव्हा.

लक्षात घ्या, करार मात्सुएशी होता. वाद्यं केसेन्नुमाला गेली. कागद एकीकडे, नातं दुसरीकडे.

तारखा बघताना मला एकदम आठवलं. कॅटरिनाच्या साधारण महिनाभर आधी, २५-२६ जुलै २००५ ला, महाडही बुडालं होतं. मुंबईच्या २६ जुलैबद्दल सगळे बोलतात. त्याच पावसात महाडजवळ जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. मी तिसरीत होते. त्या वर्षी गणपतीला आम्ही गावी गेलो तेव्हा बेंजो वाजला नव्हता, एवढंच मला आठवतं. एकाच पावसाळ्यात बुडालेली दोन गावं, एक जॅझचं आणि एक बेंजोचं. एकमेकांना त्यांची खबरही नाही.

परळची बहीण

“मग हा बेंजो आला कुठून?” दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाला विचारलं. तो मांडवात बसून तारा लावत होता.

आला परळहून. आमच्याकडे प्रत्येक गावाचं एक मुंबई मंडळ असतं, हे गाववाल्यांना सांगायला नको. गिरणीत कामाला गेलेल्या आजोबांनी एका चाळीत खोली घेतली, गावची पंधरा माणसं तिथे झोपायची, त्यातून मंडळ झालं. गावात शाळेचा पत्रा उडाला की मुंबई मंडळ पैसे पाठवतं, मुंबईत कुणी आजारी पडलं की गावाहून तांदूळ जातात. पुरानंतर तिसऱ्या आठवड्यात मंडळाची गाडी आली. तांदळाच्या गोणींखाली, चादरीत गुंडाळलेला, परळच्या एका बेंजोवाल्याचा जुना बेंजो होता. त्याने स्वतः पाठवला होता. मामाची आणि त्याची ओळख म्हणजे कधीकाळी गणपतीच्या मिरवणुकीत दोन पार्ट्या समोरासमोर आल्या होत्या. दोघांनी अर्धा तास एकमेकांना हरवायचा प्रयत्न केला होता, तेवढीच.

“जुगलबंदी झाली होती का?”

“जुगलबंदी कसली, मारामारी व्हायची बाकी होती,” मामा म्हणाला. “पण वाजवणारा वळखतो ना गो. त्याचा हात मी वळखतो, माझा तो.”

त्या वर्षीचे गणपती मामाच्या पार्टीने त्या एका बेंजोवर आणि उसन्या ताशांवर काढले. नवीन सामान घ्यायला पुढे दोन सीझन लागले. ऑक्टोपॅडचे हप्ते अजून चालू आहेत.

मी म्हटलं, बाकी नवं आलं, मग हा पुसट आकड्यांचा बेंजो अजून का वाजवतोस? त्याने उत्तर दिलं नाही. तार पिळली, छेडली, कान लावला.

एक मात्रा जास्त

हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात सावली होती आणि पार्टीची पोरं जेवून सुस्तावली होती. (हो, जेवण आधीच झालं होतं.) मी मोबाइलवर ‘टेक फाइव्ह’ लावला आणि स्पीकरला जोडला. म्हटलं, हे ऐका, ज्याने हे वाजवलंय तो आपल्या मुंबईत येऊन गेला होता.

सुरुवातीला कुणी लक्ष दिलं नाही. मग ताशावाला उठून बसला. त्याचे हात मांडीवर चालू झाले आणि दोन आवर्तनांत अडकले.

“ताई, ह्यात कायतरी जादा हाय.”

“पाच मात्रा आहेत. आपण चारात वाजवतो.”

“एक जास्त हाय,” तो स्वतःशीच म्हणाला आणि पुन्हा मोजू लागला. एक दोन तीन, चार पाच. एक दोन तीन, चार पाच. पोरांची झोप उडाली. एकाने रोटोवर काठी ठेवली. मामाने बेंजो पुढ्यात ओढला. सॅक्सोफोनची ती चाल दोनदा ऐकली, तिसऱ्यांदा बटणांवर बोटं फिरवली. सूर चटकन सापडले. ठेका मात्र धरेना. दर आवर्तनाला पाचव्या मात्रेवर सगळे एकमेकांच्या अंगावर पडायचे, हसायचे, परत पहिल्यापासून.

तेवढ्यात आतून मामी ओरडली, “अवो, नवरी बसली पाटावर! ती कसली रडगाणी लावलीत? वाजवा की नीट!”

पोरांनी झटक्यात चाराचा ठेका धरला. मांडव हलायला लागला, हळदीची ताटं निघाली, बायका नाचायला उतरल्या, मलाही कुणीतरी हाताला धरून ओढलं. नाचता नाचता बघितलं तर मामा बेंजोवर हळदीचं गाणं वाजवत होता आणि त्याचा डावा पाय मात्र खाली भलतंच काहीतरी मोजत होता.